सातभाईंचा चुलतभाऊ आणि बुगुन लोकांचे रान

पुण्यात आमच्या इमारतीच्या मागे सातभाईंचा एक थवा रोज सकाळी पाचोळा उलथत आणि आपसांत भांडत फिरतो. त्यांच्याच कुळातला एक दूरचा चुलतभाऊ पाहण्यासाठी मी एप्रिल महिन्यात अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात जाणार आहे, हे घरच्यांना पटवून देणे सोपे नव्हते. हा चुलतभाऊ म्हणजे बुगुन लिओसिक्ला. बुलबुलाएवढा, करड्या-हिरवट अंगाचा, काळी टोपी घातलेला, डोळ्यापुढे सोनेरी पिवळा डाग आणि पंखांवर पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या रंगांची नक्षी असलेला हा पक्षी ईगलनेस्ट अभयारण्य आणि त्याला लागून असलेले रान एवढ्याच टापूत आढळला आहे. त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक हजारभर किलोमीटर दूर, चीनमधल्या एमेई पर्वताच्या परिसरात राहतो.

या पक्ष्याचा शोध लावणारे रमणा अत्रेय हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ, आणि तेही पुण्यात संशोधन करणारे. त्यांना हा पक्षी पहिल्यांदा 1995 मध्ये ओझरता दिसला होता, पण त्याची ओळख पटायला पुढे दहाहून अधिक वर्षे जावी लागली. 2006 मध्ये तो बारीक जाळीत सापडला, तेव्हा त्यांनी त्याची मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, गळालेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. नवी प्रजाती जाहीर करताना पक्षी मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवण्याची रूढी आहे. परंतु ज्या पक्ष्याची जेमतेम चौदा डोकी पाहण्यात आली होती, त्यातले एक कमी करणे त्यांना योग्य वाटले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या वर्णनात त्यांनी त्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘बुगुनांचा’ असा होतो. पक्ष्यांना साहेबांची आणि त्यांच्या पत्नींची नावे देण्याच्या जुन्या प्रथेपुढे मला हे नामकरण फार शहाणपणाचे वाटते, कारण ज्यांच्या रानात तो राहतो त्यांचे नाव घेतल्याशिवाय आता त्याचा उल्लेखच करता येत नाही.

गुवाहाटीहून तेजपूर, तेथून भालुकपाँगला इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना अरुणाचलमध्ये शिरण्यासाठी लागणारा परवाना) दाखवून कामेंग नदीच्या काठाने वर चढत टेंगाच्या खोऱ्यात पोहोचायला आम्हाला दोन दिवस लागले. टेंगाहून रामलिंगम गावावरून जाणारा कच्चा रस्ता लामा कॅम्पवर आणि पुढे ईगलनेस्ट खिंडीकडे जातो. हा रस्ता लष्कराने 1950 च्या दशकात बांधला. ईगलनेस्ट हे नावही गरुडाच्या घरट्यावरून आलेले नसून, तेथे तैनात असलेल्या आणि लाल गरुड हे चिन्ह मिरवणाऱ्या सैन्याच्या डिव्हिजनवरून आले आहे. पक्षीनिरीक्षकांना हा रस्ता म्हणजे वरदान आहे. पायथ्याच्या सुमारे पाचशे मीटरपासून सव्वातीन हजार मीटरपर्यंत पसरलेले अभयारण्य त्याच्यामुळे एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत पाहता येते, आणि काही तासांच्या प्रवासात केळीची रानटी बने मागे पडून ओक, बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉन सुरू होतात. खिंडीच्या दक्षिणेचा उतार मोसमी पाऊस आधी झेलतो, त्यामुळे तेथे सारे ओले असते, आणि जळवा तर मोज्यांच्या आत शिरून बसतात.

परंतु मला लिहायचे आहे ते लामा कॅम्पच्या रानाविषयी, कारण ते सरकारी अभयारण्यात येत नाही. ते सिंगचुंग गावच्या बुगुन लोकांच्या मालकीचे आहे. बुगुन ही अगदी लहान जमात आहे. तिची सारी वस्ती टेंगाच्या आसपासच्या मोजक्या गावांत मावते. जुन्या कागदपत्रांत त्यांना खोवा म्हटलेले आढळते, पण त्यांचे स्वतःचे नाव बुगुन हेच आहे. या गावकऱ्यांनी आपले सुमारे 17 चौरस किलोमीटर रान राखून ठेवण्याचे ठरवले आणि 2017 मध्ये ते सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. वन्यजीव कायद्यातील ही तरतूद वाचण्यासारखी आहे. जमीन समाजाकडेच राहते, तिची व्यवस्था स्थानिक समिती पाहते, पण एकदा घोषणा झाल्यावर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता या दोन्हींशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. म्हणजे गावाने आपल्या हातांनी आपल्यालाच बांधून घेतले आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने जंगलावरचा हक्क मिळवण्यासाठी जो दीर्घ लढा दिला तो मला येथे आठवला, मात्र सिंगचुंगची गोष्ट उलट्या दिशेने जाते: हक्क रूढीने हातात होताच, प्रश्न त्याचे काय करायचे हा होता.

आमच्याबरोबर आलेला वाटाड्या सिंगचुंगचाच तरुण होता. तो आमच्याशी हिंदीत आणि वॉकीटॉकीवर गस्तीपथकातल्या मित्रांशी बुगुनमध्ये बोलत असे. वाटेत एक धिप्पाड मिथुन (गव्याचा पाळीव भाऊबंद) आडवा आला, तेव्हा मी त्याला गवा समजून कॅमेरा उचलला, आणि वाटाड्या शांतपणे म्हणाला, “मॅडम, हा पाळीव आहे, कान बघा.” रानात मोकळ्या सोडलेल्या मिथुनाचा मालक कानाच्या खाचेवरून ओळखतात. ज्याला मी निर्मनुष्य जंगल समजत होते, त्यात प्रत्येक ओढ्याला आणि जनावराला कोणीतरी धनी होता.

खाली रूपा गावात शेरदुकपेन लोकांची वस्ती आहे. हे लोक पूर्वी हिवाळा काढण्यासाठी डोंगर उतरून आसामच्या सीमेवरील दोईमाराला जात. रूपा आणि शेरगावच्या प्रमुखांना आसामच्या मैदानी भागातून ‘पोसा’ नावाचे वार्षिक देणे मिळत असे. आहोम राजांनी ते मान्य केले होते आणि इंग्रजांनी ते पुढे रोख रकमेत चालू ठेवले. मराठी वाचकाला येथे चौथाई आठवल्यावाचून राहणार नाही. ज्यांना आपण ‘दुर्गम’ म्हणतो, त्यांची मैदानाशी अशी जुनी देवघेव होती, हे मला तेथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारलाच उजाडले. उतारावरच्या झुडपांतून बासरीसारखी, खाली घसरत जाणारी शीळ ऐकू आली. माझ्या मैत्रिणीने मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याची कल्पना मांडली, तेव्हा वाटाड्याने ठाम नकार दिला. विणीचा काळ आहे आणि पक्षी थोडे आहेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. आम्ही जवळजवळ दोन तास उभ्या होतो. मग एका फांदीवर काळी टोपी आणि पिवळा डाग दिसला, शेपटीच्या खालचा तांबडा रंग चमकला, आणि मी दुर्बीण नीट जुळवेपर्यंत फांदी रिकामी झाली होती. छायाचित्र एकही मिळाले नाही.

त्याच दिवशी आम्हाला खिंड ओलांडून अभयारण्यातल्या बोंपू आणि पुढे सेस्नी या तळांपर्यंत उतरायचे होते, कारण वॉर्ड्स ट्रोगॉन आणि तांबड्या मानेचा धनेश या पक्ष्यांची माझ्या यादीतील जागा रिकामी होती. येथले हत्ती या उंच धारेवरही चढून येतात. बोंपूच्या पुढच्या वळणावर रस्त्यात वाफाळणारी लीद आणि नुकताच मोडलेला बांबू दिसला. वाटाड्याने गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद करून थोडा वेळ कानोसा घेतला, आणि चालकाला मागे वळायला सांगितले. आम्ही पुष्कळ विनवण्या केल्या, दिवसभराचे पैसे दिले आहेत हेही सुचवून पाहिले. तो म्हणाला की दुपारी बघू, आता ते चरत आहेत. दुपारी धुके उतरले आणि सेस्नी राहून गेले.