बुडालेल्यांची साक्ष

आज संध्याकाळी लेकीला घेऊन रेवसच्या जेट्टीवर बसलो होतो. ओहोटी लागलेली, होड्या चिखलात रुतलेल्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून निघालेली 'रामदास' बोट इथे पोचायची होती. काशाच्या खडकाजवळ ती बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली.

आमचे आजोबा त्यातून पोहून वाचले. पण ते स्वतःबद्दल कधी बोललेच नाहीत. कोणी विचारलं की शेजारी बसलेल्यांची नावं तेवढी सांगायचे.

प्रिमो लेव्ही वाचताना मला त्यांचं ते वागणं पहिल्यांदा कळलं. ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीतून वाचलेला हा इटालियन रसायनशास्त्रज्ञ. त्याचं पहिलं पुस्तकही १९४७ चंच. पुढे १९८६ मध्ये त्याने लिहिलं की खरे साक्षीदार आम्ही वाचलेले नव्हे, बुडाले ते. आम्ही त्यांच्या वतीने बोलतो. (दोन्हींची तुलना मी करत नाही. बोट बुडणं वेगळं आणि माणसांनी ठरवून, याद्या करून माणसं मारणं वेगळं.) पण वाचलेल्याच्या गळ्यात अडकलेलं ते ऋण मला दोन्हीकडे तेच दिसतं.

आजोबांच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर टाकाने लिहिलेली अकरा नावं आहेत. ना तारीख, ना मथळा. आज ती लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. दोन नावांवरची शाई ओल लागून फुटली आहे, लागत नाहीत. उद्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला जाणार आहे.