हजार फुटांत एक फूट

मी चित्रपट-संकलनाच्या कामाला लागलो तेव्हा फिल्म हाताने कापून चिकटपट्टीने जोडली जात असे, आणि सहायकाला सर्वांत आधी फूट मोजायला शिकवत. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, हजार फुटांचे रीळ सुमारे 11 मिनिटांचे, हा हिशेब झोपेतही चुकत नसे. संगणक आल्यावर हे सारे ज्ञान अडगळीत गेले, असे मी धरून चाललो होतो. (त्याआधी संगणकाला हातच लावणार नाही असा हट्ट धरून दोन वर्षे जवळपास रिकामा बसलो होतो, तेही सांगायला हवे.)

मध्यंतरी एका जुन्या माहितीपटाच्या जतनाचे काम आमच्याकडे आले. चित्र आम्हीच स्कॅन केले होते. ध्वनी मात्र दुसरीकडे चुंबकीय फिल्मवरून उतरवून फाइलच्या रूपात आला होता. माझी तरुण सहकारी दोन दिवस त्याच्याशी झगडत होती, कारण रिळाच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द नेमके जुळत आणि पुढे पुढे आवाज मागे पडत जाई. तिने ध्वनी अकरा ठिकाणी कापून सरकवला होता. ओठ जुळले, पण प्रत्येक जोडावर पार्श्वसंगीताला ठेच लागू लागली. “सर, मूळ ध्वनीच बिघडलेला असणार,” ती म्हणाली.

मी सगळे काप काढायला लावले आणि फक्त रिळाचा शेवट दाखवायला सांगितला. रीळ पूर्ण भरलेले होते. शेवटी आवाज 16 फ्रेम मागे होता, मध्यावर 8. सोळा फ्रेम म्हणजे एक फूट. हजार फुटांत एक फूट, म्हणजे हजारात एक! बिघडलेला ध्वनी इतका शिस्तीने मागे पडत नाही. अमेरिकेत 1953 साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी रंगाचा आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळू नये म्हणून सेकंदाला 30 फ्रेमचा वेग हजारात एक भागाने घटवून 29.97 केला गेला, आणि त्याच प्रमाणात 24 चा 23.976 झाला. आमची फाइल त्या वेगासाठी उतरवलेली होती. संपूर्ण ध्वनीचा वेग तेवढ्याच प्रमाणात वाढवला आणि एकही काप न देता ओठ जुळले.

मला आनंद झाला, आणि थोडा गर्वही, हे लपवत नाही. तो सायंकाळपर्यंतही टिकला नाही. तिने चौथ्या रिळातील पावसाचे दृश्य माझ्यासमोर लावले. त्यात पाऊसच नव्हता. लोक कोरड्या हवेत छत्र्या धरून चालले होते. धूळ पुसणारी संगणकप्रणाली मागची-पुढची फ्रेम ताडून पाहते आणि एकाच फ्रेममध्ये दिसलेला ठिपका धूळ समजून काढून टाकते, त्यामुळे पावसाचे थेंबही गेले होते. ते रीळ आदल्या दिवशी मीच पाहून मंजूर केले होते.

त्या दृश्यापुरती स्वयंचलित सफाई बंद करून धूळ फ्रेममागून फ्रेम हाताने काढायची ठरली, आणि ती कशी काढतात हे शिकायला मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.