तुम्ही विचारलंत म्हणून: रोज एक बारकी बाटली थंडा

"मॅडम, रोज एकच बारकी बाटली पितो, दहा रुपयांवाली. तेवढ्यानं काय होतंय?" मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. हा प्रश्न मला केबिनमध्ये विचारतात, तसाच लग्नात हातात अक्षता असतानाही विचारतात. तिथं उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नकार्यात, प्रवासात कधीतरी घेतलेल्या थंड्यावरून मी कुणाला टोकत नाही. तेवढं शरीर सांभाळून घेतं. माझी काळजी रोजच्या बाटलीची आहे, कारण ती कुणाच्याच हिशेबात येत नाही. पिणाऱ्याच्याही नाही आणि त्याच्या भुकेच्याही नाही.

आधी हिशेब करू. बाटलीमागचं लेबल वाचा. अक्षरं बारीक असतात आणि साखरेचा आकडा बहुतेक वेळा १०० मिलिलिटरला किती असा दिलेला असतो. तो अख्ख्या बाटलीचा समजू नका. नेहमीच्या कोलात हा आकडा साधारण साडेदहा ग्रॅमच्या आसपास असतो. काही कंपन्यांनी हल्ली साखर थोडी कमी केली आहे, काही आंब्याच्या पेयांत ती कोलापेक्षाही जास्त असते, म्हणून आपापली बाटली बघायची. २०० मिलिलिटरची बाटली धरली तर २१ ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर. रोज एक या हिशेबानं वर्षाला साडेसात किलोच्या वर. एकट्या माणसासाठी एवढी साखर किराण्याच्या यादीत लिहिली तर घरचे दहादा विचारतील. पण बाटलीतून आली की कुणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली जे मार्गदर्शन दिलं, त्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून येणाऱ्या कॅलरी दिवसभराच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असाव्यात. ५ टक्क्यांच्या खाली राहिल्या तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम. त्यातले २१ त्या बारक्या बाटलीत संपले. मग सकाळचा चहा, बिस्किटं, संध्याकाळचा चहा कुठे बसवायचा? आणि ६०० मिलिलिटरची बाटली घेणाऱ्याच्या पोटात साठ ग्रॅमच्या वर साखर एका दमात जाते.

टेम्पो चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. वय चाळिशीच्या आत, अंगानं सडसडीत. शुगर निघाल्यावर त्यांनी मनावर घेतलं: चहा बिनसाखरेचा केला, भात निम्म्यावर आणला, सणाच्या पुरणपोळीलाही हात लावला नाही. तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर हलेना. बायको रडवेली झाली होती; ती बिचारी प्रत्येक घास मोजून वाढत होती. मी त्यांना सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात जातं ते ओळीनं सांगायला लावलं. जेवण सांगून झालं, चहा सांगून झाला. मग मी विचारलं, उन्हात गाडी चालवताना तहान लागली की काय पिता? "थंडा. तेवढाच एक, कधी दोन." ते काहीही लपवत नव्हते. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, तहान भागवणं होतं.

शरीराचाही नेमका हाच गैरसमज होतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला एक छोटा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोळ्या खायला दिल्या, गोड, जेलीच्या. आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचा गोड सोडा, म्हणजे आपला थंडाच, प्यायला दिला. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्या माणसांचं बाकीचं खाणं आपोआप कमी झालं. सोडा प्यायले तेव्हा झालं नाही; जेवण होतं तेवढंच राहिलं आणि वजन वाढलं. साखर चावून खाल्ली तर पोट तिची नोंद घेतं, प्यायली तर फारशी घेत नाही. प्रयोग लहान आहे, पण त्यानं दाखवलेली गोष्ट मला दवाखान्यात रोज दिसते. थंडा प्यायला म्हणून कुणी एक भाकरी कमी खात नाही.

आता ती साखर आत जाऊन काय करते ते सांगते. आपल्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो. थोडंथोडं आलं तर यकृत निभावून नेतं. दर दुपारी रिकाम्या पोटी दोन मिनिटांत ओतलं तर त्याची चरबी बनते, काही यकृतातच साठते, काही रक्तात उतरते. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी करायला गेलेली कितीतरी तरुण मंडळी 'फॅटी लिव्हर' लिहिलेला कागद घेऊन येतात आणि पहिलं वाक्य असतं, "मॅडम, मी तर दारूला शिवतही नाही." खरं बोलतात ते. दारू न पिताही यकृतात चरबी साठते आणि त्यात रोजच्या गोड पेयांचा वाटा असतो. याच वाटेवर युरिक ॲसिडही वाढतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४६ हजारांहून जास्त पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं होतं. रोज दोन किंवा जास्त गोड पेयं घेणाऱ्यांत गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार, होण्याचा धोका, महिन्यातून एखादंही न घेणाऱ्यांच्या मानानं ८५ टक्क्यांनी जास्त दिसला. पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, चादरीचा स्पर्श सोसवेना, असं सांगत येणाऱ्यांचं मटण आणि डाळी घरचे लगेच बंद करतात. बाटलीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

डायबेटिसबद्दल मी जरा आग्रहानं बोलते, त्याला कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं देशव्यापी सर्वेक्षण २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्यात १० कोटी १० लाख भारतीयांना डायबेटिस आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे हा आजार तुलनेनं कमी वजनातही होतो, म्हणून "मी तर बारीक आहे" हा दिलासा खरा नाही. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, रोजच्या एका गोड पेयामागे टाइप २ डायबेटिसचा धोका १८ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. वजनाचा परिणाम बाजूला काढला तरी १३ टक्के उरतोच. असले अभ्यास एकट्यानं कार्यकारण सिद्ध करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात आणि शरीरात काय घडतं तेही त्याच्याशी जुळतं, तेव्हा माझ्या पेशंटला "काही होत नाही" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पोरांच्या बाबतीत तर मी गप्प बसूच शकत नाही. सातवी-आठवीतली मुलं, अंगानं भरलेली, मानेच्या मागं काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. आई सांगते, "मॅडम, रोज घासते, पण मळ निघतच नाही." कुणी दगडानं घासतं, कुणी लिंबू लावतं, पोराची कातडी सोलवटून निघते. तो मळ नसतो. बऱ्याचदा ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं, आणि त्याची रक्ततपासणी करून घ्यायची असते. अशा मुलांच्या दप्तरात पाण्याची बाटली असते की आंब्याचं पेय, हे मी आधी विचारते. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटरचा एक कॅन दिला. निम्म्यांच्या कॅनमध्ये साखर होती, निम्म्यांच्या नव्हती, आणि कुणाला कुठला मिळतोय हे मुलांना सांगितलं नव्हतं. साखरवाल्यांचं वजन सरासरी एक किलोनं जास्त वाढलं. दिवसाला फक्त एका कॅनचा हा फरक.

दातांचं थोडक्यात. कोला बराच आंबट असतो, साखर ते जाणवू देत नाही. सतत घोट घोट घेत बसलं की दातांवरचं कवच झिजतं आणि वर साखरेवर जगणारे जंतू कीड लावतात. प्यायचंच तर जेवणाबरोबर एकदाच पिऊन मोकळं व्हा, आणि लगेच ब्रश करू नका; मऊ पडलेलं कवच घासलं जातं. पाण्यानं खळखळून चूळ भरा.

आणि हो, कोलानं संडास साफ होतो, म्हणून आतडी जळतात, असले मेसेज मला पाठवू नका, पुढंही ढकलू नका. आपल्या जठरातलं आम्ल कोलापेक्षा तीव्र असतं. खोटी भीती घातली की माणूस खरंही ऐकेनासा होतो.

गॅस झाला म्हणून थंडा घेणारे पुष्कळ आहेत. ढेकर येतो तो त्याच बाटलीतल्या वायूचा. छातीत जळजळणाऱ्यांचा त्रास तर वाढतोच.

याहून घातक सवय म्हणजे जुलाब लागलेल्या लेकराला थंडा किंवा डब्यातला ज्यूस पाजणं. ओआरएसच्या एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, मिठाशी प्रमाण जुळवून घातलेलं. थंड्यात त्याच्या सात-आठ पट साखर आणि मीठ जवळजवळ नाहीच. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. दिसायला ओआरएससारखी, नावातही ओआरएस असलेली गोड पेयं वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध चिकाटीनं लढल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, एवढं बघूनच घ्या.

"मग उसाचा रस चालेल ना? तो तर आपला." चव मलाही आवडते, पण त्यातही १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते. शुगर असलेल्यांनी रसवंतीपुढून सरळ पुढं जावं. विकतच्या कोकम सिरपमध्ये आणि गुळाच्या पन्ह्यातही साखर आहेच, ती मोजूनच प्या. रोजच्यासाठी ताक, आमसुलाचं सार, सोलकढी, लिंबू-मीठ घातलेलं पाणी. शून्य साखरेच्या कोलानं शुगर चढत नाही, म्हणून सुटायला मदत म्हणून काही दिवस ठीक. पण वजन आटोक्यात ठेवायला असल्या गोडव्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे.

सगळा दोष पिणाऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला दहा रुपयांत गार, गोड बाटली कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. गार पाण्याचा धड नळ मिळत नाही. करही साखर बघून लावलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून कोलासारख्या वायूवाल्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, मग त्यात साखर असो वा नसो. आणि फळांच्या रसाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, तेवढ्याच गोड पेयांवर ५ टक्के. ब्रिटननं २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तर कंपन्यांनीच पेयांतली साखर उतरवली. आपल्याकडे हे करायला कुणाची हरकत असू नये असं मला मनापासून वाटतं.

सोडायचं ठरवलं असेल तर एकदम सोडलं तरी धोका नाही. कोला पिणाऱ्यांचं कॅफिनमुळे दोन-चार दिवस डोकं दुखेल. बिनसाखरेच्या चहानं भागतं. तहान लागली की आधी तांब्याभर पाणी प्या, मग दुकानात जा. बऱ्याच जणांची इच्छा तिथंच विरते. टेम्पोवाल्या गृहस्थांनी गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि डब्यात ताकाची बाटली ठेवायला सुरुवात केली. औषधाची गोळी बदलण्याआधी आम्ही तेवढंच बदललं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवली, कारण ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. घाईनं आठवड्यात केली तर जुनेच आकडे समोर येतात. तुम्हीही आज थांबवलंत तर तेवढा अवधी द्या, आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर बाटली बंद केल्याचं आपल्या डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे शुगर खूप खाली जाऊ नये म्हणून त्यांना डोस बघता येईल.