हर्णैची सुरमई, कारफ्रीज आणि तो ई१ : माझा अनुभव

आधी कामाचं सांगतो, चिडचिड नंतर. कॅम्पिंगला बॅटरीवरचा फ्रीज नेलाय, बॅटरी भरलेली आहे आणि तरी डिस्प्लेवर ई१ (E1) हा एरर कोड येतोय, तर फ्रीज गेला असं समजून सामान आवरायला घेऊ नका, आणि कस्टमर केअरला तर फोन करूच नका. सिगारेट लायटरवाली जी पिन असते ना तिला हात लावून बघा. चटका बसला तर दोष तिथेच आहे. बऱ्याच फ्रीजमध्ये ई१ म्हणजे व्होल्टेज कमी, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या कारण प्रत्येक कंपनीचे कोड सारखेच असतील असं नाही.

तर झालं असं की मे एंडला आम्ही कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्याला गेलो, सुरूच्या बनात तंबू. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते ती थेट ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे त्याआधी हर्णैच्या बंदरावर जाऊन लिलावात मासळी घ्यायची आणि घरी न्यायची हा आमच्याकडचा दरवर्षीचा कार्यक्रम. यंदा त्यासाठी ३५ लिटरचा कंप्रेसरवाला फ्रीज घेतला होता आणि सोबत १०० अँपियर-अवरची लिथियम बॅटरी, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) वाली. हिशोब सरळ होता, बॅटरीत साधारण १२०० वॅटअवर, फ्रीज चालू असताना ४५ ते ६० वॅट खातो पण सतत चालत नाही, थंड झाला की थांबतो, म्हणजे कोकणातल्या उकाड्यातही दोन दिवस आरामात निघायला पाहिजेत. प्रवासात काहीच त्रास नाही, लिलाव झाला, सुरमई घेतली, कोळीणमावशींनी तुकड्या करून दिल्या, कोलंबी घेतली, सगळं छान.

रात्री जेवून बसलो आणि टी टी टी आवाज. ई१. बंद करून चालू केला, कंप्रेसर घुर्र करून सुरू झाला, थोडा वेळ चालला, परत ई१. आणि बॅटरीवरचा मीटर दाखवतोय १३.१ व्होल्ट! या बॅटरीत १३.१ म्हणजे अजून भरपूर जीव आहे. मेहुणा खुर्चीत बसून म्हणतोय, "दाजी, आपली थर्माकोलची पेटी बरी होती." त्याला काही बोललो नाही, पण मासळी फ्रीजमध्ये आणि फ्रीज बंद, मेच्या रात्री, तुम्हीच विचार करा.

आता कस्टमर केअर. बनात रेंज नाही, म्हणून फोन घेऊन वर रस्त्यापर्यंत जायचं, तिथे एक काडी रेंज. हेल्पलाइन चोवीस तास आहे असं खोक्यावर छापलंय, ते खरं आहे, चोवीस तास संगीत वाजतं. शेवटी एक मुलगा आला, अतिशय नम्र. "सर, ई१ म्हणजे आपली बॅटरी डिस्चार्ज झालेली आहे, कृपया फुल चार्ज करा." म्हटलं भाऊ, बॅटरी भरलेली आहे, १३.१ दाखवतेय. "सर, एरर कोडनुसार बॅटरी डिस्चार्ज आहे." म्हटलं तो कोड फ्रीजचा आहे, फ्रीजपर्यंत किती व्होल्ट पोचतायत ते तो सांगतो, बॅटरीत किती आहेत ते नाही. तर म्हणे "एररचा व्हिडिओ आणि इनव्हॉइसचा फोटो पाठवा." एका काडीवर व्हिडिओ! तो गोल फिरत राहिला आणि मी रस्त्यावर डास मारत उभा.

मग मॅन्युअलमध्ये बघून बॅटरी प्रोटेक्शन एच वरून एम वर आणलं. हे सेटिंग काय ते सांगून ठेवतो कारण पुढे लागेल. गाडीची बॅटरी रात्रीत रिकामी होऊन सकाळी गाडी स्टार्टच होऊ नये असं होऊ नये म्हणून फ्रीज ठरावीक व्होल्टेजखाली स्वतःच बंद पडतो. माझ्या फ्रीजमध्ये एच म्हणजे ११.१ ला बंद, एम म्हणजे १०.४, एल म्हणजे ८.५. गाडीच्याच बॅटरीवर फ्रीज लावत असाल तर एच सोडू नका, एल वर तर चुकूनही नको. वेगळी लिथियम असेल तर खालचं सेटिंग चालतं, तिच्या आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) तिला सांभाळतं. तर एम वर केल्यावर अर्धा तास चालला, बायको झोपायला गेली, आणि परत टी टी टी. पिन काढायला गेलो तर बोट भाजलं. पिनेचं टोक काळं पडलेलं आणि सॉकेटच्या कडेचं प्लास्टिक जरा मऊ झालेलं. तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं की बॅटरीही ठीक आणि फ्रीजही ठीक, मधलंच काहीतरी आहे.

खात्री कशी करायची? रस्त्यालगतच्या वाडीतल्या आजींकडे सकाळी सकाळी गेलो, पडवीत घरच्या लाइटवर ॲडाप्टर लावून बघू का विचारलं. "लावा हो, लाइट आहे तोवर लावून घ्या," म्हणाल्या आणि वर चहा. तिथे फ्रीज असा चालला की बघत राहावं, दोन डिग्रीवर येऊन शांत. म्हणजे कंप्रेसर, गॅस, कंट्रोलर सगळं ओके. कुठेही फ्रीज अडला तर ही टेस्ट आधी करा, निम्मे संशय तिथेच संपतात. (मासळी वाचली ती मात्र मेहुण्याने रात्रीच गाडी काढून बंदरावरून आणलेल्या बर्फामुळे, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.)

आणि आता ऐका. ॲडाप्टरवर चालतो हे मी प्रामाणिकपणे केअरला कळवलं, म्हटलं माहिती मिळाली तर नीट सांगतील. उत्तर आलं, "म्हणजे प्रॉडक्ट ओके आहे सर," आणि दहा मिनिटांत मेसेज, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे, कृपया आम्हाला पाचपैकी रेटिंग द्या. परत फोन केला तर दुसरी मॅडम, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि त्यांचं वेगळंच, "बाहेरची बॅटरी वापरल्यास वॉरंटी लागू होत नाही." बॅटरीवर चालणारा फ्रीज म्हणून विकता, बॅटरी तुम्ही देत नाही, आणि बाहेरची लावली की वॉरंटी नाही! मग लावायची कुठली? त्यावर म्हणे वरिष्ठांना कळवते. ते वरिष्ठ अजून कळवून घेतायत.

शेवटी फ्रीज, बॅटरी, वायर सगळं गाडीत टाकून दापोलीला गेलो. एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं छोटं दुकान, रिक्षांचे डायनामो पडलेले, रेडिओ चालू. त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. फ्रीज चालू करायला लावला, मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरला, १३.० व्होल्ट. मग वायरच्या फ्रीजकडच्या टोकाला दोन टाचण्या टोचल्या आणि मीटर त्यांना लावला, १०.९. मान वर न करता म्हणाला, "बॅटरी फस्क्लास आहे हो, करंट वाटेत मरतोय." पाच मिनिटं! जे केअरला इतक्या फोनांत कळलं नाही ते टाचण्यांनी सांगितलं.

वायरवर बारीक अक्षरात छापलं होतं ०.७५ स्क्वेअर एमएम, म्हणजे आतल्या तारेची जाडी. तीन मीटर वायर, जाऊन येऊन सहा मीटर, त्यातून पाच अँपियर गेले की साधारण पाऊण व्होल्ट वायरच खाते. उरलेला सव्वा-दीड व्होल्ट लायटर सॉकेटमध्ये, कारण तिथे नुसतं स्प्रिंगवरचं टोक टेकलेलं असतं, कॉन्टॅक्ट ढिला, मग तापणार, तापली की अजून ढिला. म्हणून फ्रीज आधी चालायचा आणि मग पडायचा. कंप्रेसर बंद असताना करंटच नाही म्हणून फ्रीजचा डिस्प्ले पण १३ दाखवायचा, म्हणजे व्होल्टेज बघायचंच असेल तर कंप्रेसर चालू असताना बघा, नाहीतर काही अर्थ नाही.

त्याने लायटरची पिन कापून फेकली, दोन मीटर ४ स्क्वेअर एमएमची वायर घेतली, टोकांना लग्ज (भोकवाल्या धातूच्या पट्ट्या) दाबून थेट बॅटरीच्या टर्मिनलला, आणि प्लसच्या वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपियरचा फ्यूज. फ्यूज लांब लावू नका, वायर मध्येच कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला फ्यूज वाचवू शकत नाही. लाल प्लस काळी मायनस दोनदा तपासा. चालू केल्यावर फ्रीजवर १२.९, कंप्रेसर सुरू असताना! पुढे परत येईपर्यंत ई१ दिसला नाही, एच वर ठेवूनसुद्धा. दुकानदाराने मागितले ते पैसे इतके कमी होते की त्याला चार कोलंब्या जबरदस्तीने दिल्या.

अजून काही आठवलं ते, फ्रीज घरूनच रात्रभर ॲडाप्टरवर गार करून न्या, बॅटरीवर पहिल्यापासून गार करण्यात फार करंट जातो. जाळीच्या बाजूला पिशव्या रेलून ठेवू नका, तिथून गरम हवा बाहेर येते. उन्हात बंद गाडीत ठेवला तर तो थांबतच नाही. आडवा करून आणला असेल तर काही तास उभा ठेवून मग चालू करा. समुद्रावर टर्मिनलना व्हॅसलीन लावा, खारी हवा लगेच हिरवट चढवते. सोलर पॅनल नेलं होतं पण सुरूच्या सावलीत १०० वॅटचं पॅनल शोभेला, ते उन्हात आणि फ्रीज सावलीत असं जमेल तरच न्या.

घरी आल्यावर केअरच्या मॅडमचा फोन आला, "सर, ओरिजिनल केबल रिप्लेसमेंट उपलब्ध आहे, चार्जेबल." विचारलं किती स्क्वेअर एमएमची आहे. "सर, तीन मीटरची आहे." म्हटलं लांबी नाही हो, जाडी. वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाल्या.