आमची वाटचाल : तळहाताने टायर वाचणारं दुकान

बाबांचं पहिलं दुकान नागपूरला अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे. दुकान म्हणजे एक टपरी, डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर, दोन जॅक, टायर उचकटायच्या चार टॉम्या आणि पंक्चर शोधायला पाणी भरलेली अर्धी कापलेली टाकी. वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं ट्रकचं. रात्री दोनला हॉर्न वाजला की बाबा उठायचे. ट्रक थांबला की ते आधी पंक्चर बघत नसत. एकेका चाकावरून तळहात फिरवत गाडीला फेरी मारत. मग ड्रायव्हरला सांगत, "भाऊ, टो बिघडला हाय. नवा टायर टाकसान तरी त्याचा असाच हाल होईन."

मला ते त्यांनी शाळेत असतानाच शिकवलं. बोटं आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि बाहेरून आत आणताना करवतीसारखी लागली, तर टो, म्हणजे चाकं सरळ समोर न बघता आत किंवा बाहेर वळलेली. मधली नक्षी आधी गेली तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. एकच कड गेली तर कॅम्बर, म्हणजे चाक उभं नसून कललेलं, नाहीतर सस्पेन्शनचं काहीतरी ढिलं. टायर खोटं बोलत नाही, ड्रायव्हर विसरतो, असं ते म्हणत. आज आमच्याकडे अलाइनमेंटचं कॉम्प्युटरचं मशीन आहे, बॅलन्सिंगचं आहे, पण गाडी आत आली की पहिली फेरी हाताचीच होते. माझी, किंवा बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे असलेल्या चाचांची.

मी बी.कॉम. करून हिशेबाला बसले, बाबांची कंबर गेली तेव्हा दुकानच हातात घेतलं. ट्रककडून कारकडे वळलो, रिंग रोडवर जागा घेतली, मशीनसाठी बँकेचं कर्ज काढलं. ते दिवस कठीण होते, पण कुठल्याही दुकानाचे असतात तसेच. खरं सांगायचंय ते त्यापुढचं.

एक दिवस मिहानमध्ये नोकरी करणारा एक मुलगा पोलो कार घेऊन आला. टायर जेमतेम दोन-सव्वादोन हजार किलोमीटर चाललेले, पण पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड फाटल्यासारखी झालेली. नक्षीच्या ठोकळ्यांचे तुकडे उडालेले, उरलेल्या रबरावर वळलेल्या शेवया. बाबा त्या वेळी दुकानात येऊन नुसते बसायचे. ते उठले, हात फिरवला आणि म्हणाले, "हे रस्त्यावरचं नोय. कुठं चालवली बाबू?"

तो ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर जाऊन आला होता. २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन झाली तोच ट्रॅक, ५ किलोमीटरहून थोडा मोठा. पैसे भरून आपली स्वतःची गाडी तिथे दिवसभर चालवता येते, शर्यत नसते, याला ट्रॅक डे म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आणि त्याने खास त्या दिवसासाठी चारही टायर नवे टाकले होते.

तीच चूक होती, हे समजायला मला बराच काळ लागला. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. उंच ठोकळा वळणावर आडवा झुकतो, प्रत्येक झुकण्यात आतून तापतो आणि शेवटी कडेने सुटतो. तोच टायर रस्त्यावर चालून ५ मिलिमीटरवर आला की ठोकळे आखूड होतात, कमी झुकतात, कमी तापतात. म्हणजे ट्रॅकसाठी निम्मा झिजलेला चांगला टायर नव्यापेक्षा बरा, फक्त पाऊस नको. डावाच का फाटला, तेही सरळ आहे. बुद्धवर गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उजव्या वळणात भार डाव्या बाजूवर जातो, आणि पोलोसारख्या गाडीत ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा वाटा ही सगळी कामं पुढच्याच चाकांची.

त्या मुलाने पुढच्या खेपेला विचारलं, "ताई, तुम्ही येता का? मला तिथे कोणी सांगणारं नाही." चाचा आणि मी गेलो. या वेळी चेन्नईजवळचा ट्रॅक होता, श्रीपेरुंबुदूरकडचा. मी गाडी चालवली नाही, पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे, हवेचं मीटर आणि वही घेऊन उभी राहिले. ती वही आमच्या धंद्याचं दुसरं भांडवल ठरली.

पहिलं पान हवेचं आहे. थंड टायरमध्ये ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून गाडी आत गेली आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सेशननंतर ३९ घेऊन बाहेर आली. टायर फुगला की जमिनीला टेकणारा पट्टा आक्रसतो आणि गाडी घसरायला लागते. पोरांना वाटतं टायर वाईट आहे. म्हणून सेशन संपल्या संपल्या, टायर गरम असतानाच हवा मोजून थोडी सोडायची, चारही चाकांची वेगवेगळी. हिशेब असा, की तापमान ५-६ अंशांनी बदललं की हवा साधारण १ पीएसआयने बदलते. जानेवारीत नागपूरला पहाटे १२ अंशांत भरलेली हवा चेन्नईच्या दुपारी ३२ अंशांत गाडी न हलवताही तीनेक पीएसआय जास्त दाखवते. त्यामुळे घरून भरून नेलेल्या आकड्याला तिथे काही अर्थ नसतो. नायट्रोजनबद्दल सगळे विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फरक पडतो तो बाष्पाचा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढलं तर साधी हवा पुरते. आम्ही ते पाणी रोज सकाळी काढतो.

दुसरं पान बुटाच्या पॉलिशचं. शाळेच्या कॅनव्हास बुटांना लावायचं पांढरं पातळ पॉलिश चाचांनी टायरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूपर्यंत तीन ठिकाणी ओढलं. सेशननंतर पांढरं कुठपर्यंत पुसलं गेलं ते बघायचं. बाजूवर खूप खाली उतरलं तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. कडेला हातही लागला नाही तर हवा जास्त. महागडं मीटर नसलं तरी एवढ्यावर दिवस निघतो. पुढे आम्ही रबरात टोचून तापमान बघायचं सुईचं मीटर घेतलं, आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे वहीत उतरवायला लागलो. ते आकडे बघून बाबा म्हणाले, "मी हातानं हेच पायत होतो."

तिसऱ्या पानावर माझी चूक आहे.

त्या पहिल्या खेपेला मी दिवसभर हवा सोडत राहिले, गाडी छान चालली, पोरगं खुश. संध्याकाळी मी आणि चाचा रेल्वेने निघालो, तो गाडी घेऊन. गरम असताना ३५ दिसणारी हवा रात्री टायर थंड झाल्यावर २७-२८ वर आली असणार, आणि ती परत भरायची हे मी त्याला सांगितलंच नाही. हजारावर किलोमीटर तो हैदराबादवरून तसाच आला. नागपूरला टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळी भुकटी पडली. कमी हवेत बाजू सतत दुमडून आतलं रबर कुटलं गेलं होतं. बाहेरून टायर नवाकोरा दिसत होता. आदिलाबादच्या पुढे कुठे तो फुटला असता तर, या विचाराने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. चारही टायर मी माझ्या पैशाने बदलून दिले. तेव्हापासून ट्रॅकला जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या स्टीअरिंगला आम्ही परतीच्या दिवसाची चिठ्ठी बांधतो: "हवा भरल्याशिवाय निघू नका", आणि खाली आकडा. संध्याकाळी फोनही करतो.

नागपूरच्या माणसासाठी टायर निवडायचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आहे तो याचमुळे. चेन्नई आणि ग्रेटर नोएडा, दोन्ही हजार किलोमीटरच्या वर, कोइंबतूरचा ट्रॅक त्याहून लांब. ट्रॅकवर दिवसभरात शंभर-दीडशे किलोमीटर होतात आणि जाण्यायेण्यात दोन हजारांवर. आमच्या माणसाचा टायर त्याला घरी परत आणणारा पाहिजे. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचा मऊ, जवळपास गुळगुळीत टायर, रस्त्यावर चालतो, पण त्याला पाणी बाहेर काढायला नक्षीच कमी असते. आपल्याला वाटतं दसरा झाला, पाऊस संपला. चेन्नईचा पाऊस तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोर धरतो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही महागडा टायर विकत नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण यावर दुकानात पुष्कळ वाद झाले आहेत. "ताई, पैसे मी देतोय, मग सगळ्यात चिकट टायर द्या ना!" असं म्हणणारे येतात. चांगला रोडचा टायर पकड सुटायच्या आधी ओरडतो. त्याची किंचाळी वाढत जाते, स्टीअरिंग हलकं लागतं, पाय मागे घ्यायला वेळ मिळतो. चिकट टायर बराच वेळ गप्प धरून ठेवतो, चालवणाऱ्याच्या चुका झाकतो, आणि सोडतो तेव्हा वेग जास्त असतो. शिकणाऱ्याला ओरडणारा टायर हवा. पहिले दोन-तीन ट्रॅक डे कंपनीच्या मापाचा, चांगल्या पकडीचा, निम्मा झिजलेला रोड टायर, आणि उरलेल्या पैशात ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. विमा कंपनीची अटही वाचून घ्या म्हणते, कारण आपल्याकडच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

रुंद टायरचा हट्टही फार. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनला कंपनीचं माप १९५/५५ आर १६ आहे, त्यावर कोणी २१५ मागतं. हलक्या गाडीला फार रुंद टायर लवकर तापत नाही, रिमवर नीट बसत नाही, आणि बाहेरचा घेर बदलला की स्पीडोमीटरचं गणितही बदलतं. मापापुढचं अक्षर मात्र बघाच. एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. तेवढ्या वेगात जायचं नसलं तरी वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो, म्हणून ट्रॅकला व्हीच्या खाली आम्ही पाठवत नाही. काही टायरांवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो. २०० असेल तर मऊ, ४०० असेल तर टिकाऊ. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचे दोन टायर ताडायला तो चालतो, दोन कंपन्यांचे ताडायला नाही.

आणि वय. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एकदा एका पुरवठादाराकडून चांगल्या नावाचे मऊ टायर स्वस्तात मिळत होते. चाचांनी नख दाबून पाहिलं, उमटलं नाही. तारीख बघितली तर चार वर्षांपूर्वीची, आणि माल पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. तो माल आम्ही परत केला. आमचे टायर आतल्या खोलीत उभे असतात, अंधारात, आणि कॉम्प्रेसरच्या मोटरपासून लांब. मोटरच्या ठिणगीने ओझोन तयार होतो आणि रबराला बारीक चिरा पाडतो.

जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. सेमी-स्लिकचा पुरवठा आमच्यापुरता जवळपास थांबला. ऑर्डर घेऊन बसलेल्या आठ जणांचे पैसे मी परत केले, त्यात लॉकडाऊनचे दिवस. धंदा म्हणून ते वर्ष वाईटच. पण तेव्हाच आम्ही इथे मिळणाऱ्या रोड टायरांच्या नोंदी मनापासून ठेवायला सुरुवात केली. कुठला तिसऱ्या सेशनला मऊ पडतो, कुठल्याच्या कडा आधी जातात, कुठला पावसात भरवसा देतो. ही वही मी कोणालाही दाखवते, दुसऱ्या दुकानवाल्यांनाही.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी शिर्डीपर्यंत खुली झाली आणि वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं. सिमेंटचा सरळ रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, भर उन्हात तासन् तास एकसारखा वेग. जुना, कमी हवेचा टायर तिथे तापत तापत फुटतो. ट्रॅकने आम्हाला जे शिकवलं ते या लोकांच्या थेट कामाला आलं. परवा एक काका मुलीला आणायला संभाजीनगरला निघाले होते. म्हणाले, "नक्षी पूर्ण हाय ना ताई, मंग काऊन बदलायचा?" मी टायरची तारीख वाचून दाखवली, बाजूवरच्या चिरांवरून त्यांचाच हात फिरवला. दोन टायर बदलले, दोन चांगले होते ते ठेवले.

बाबा आता दुकानात येत नाहीत. ट्रॅकवरून उतरलेला टायर मी कधीकधी गाडीत टाकून घरी नेते. परवा चेन्नईहून आलेला एक नेला. त्यांनी मांडीवर आडवा घेतला, हळूहळू हात फिरवला आणि म्हणाले, "पोरगं सुधारलं. आता दोन्ही कडा सारख्या हायेत." तोच पोलोवाला. जानेवारीत पुन्हा निघालाय, आणि या वेळी चारचा दुसरा सेट बरोबर नेणार आहे. टायर आतल्या खोलीत आहेत, ५ मिलिमीटरचे. रिमवर खडूने लिहून ठेवलंय: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. चिठ्ठीसुद्धा तयार आहे.