बाबांच्या मानेतला आवाज

आज सकाळी चहा पिताना बाबांच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा झाला. पाचेक मिनिटांत पुन्हा दिसायला लागलं. "अगं, पित्त झालं असेल," म्हणत ते पंचवटीत भाजी आणायला निघालेसुद्धा. मी हातातली पिशवी काढून घेतली आणि थेट डॉक्टरांकडे नेलं.

दुपारी गंगापूर रोडला मानेचा डॉप्लर झाला. ही सोनोग्राफीच. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. उशी काढली, मान डावीकडे वळवली, गार जेल लावलं आणि खोलीभर रक्ताचा आवाज घुमायला लागला. फुस्स... फुस्स... मेंदूकडे आणि डोळ्याकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला जबड्याखाली दोन फाटे फुटतात, तिथेच चरबीचा थर साचतो. वाट अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर गेला की निम्म्याहून जास्त अडथळ्याचा संशय, 230 च्या वर 70 टक्क्यांहून जास्त. बाबांचा उजवीकडे 160.

तिथला एखादा कण सुटून डोळ्याकडे गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूकडे गेला असता तर? माझे हातपाय गार पडले.

काहीच त्रास नसताना सरसकट सगळ्यांनी ही तपासणी करायची गरज नसते. पण एका डोळ्यापुढे अंधारी, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर, पाच मिनिटांत बरं वाटलं तरी, लगेच दवाखाना गाठा. कृपा करून "बघू उद्या" म्हणू नका.

बाबांना ॲडमिट केलंय, गोळ्या सुरू झाल्यात. ऑपरेशनचं उद्या सर्जन सांगतील. तंबाखूची डबी माझ्या पर्समध्ये आहे. अजून तरी मागितलेली नाही.