माझं हर्नियाचं ऑपरेशन

आमच्या नात्यात कुणालाही विचारा, मला लहानपणी हर्निया झाला होता. आत्या अजून सांगते, "एवढंसं पोर, पण मिरजेला काय धीरानं राहिलं!"

हर्निया मला कधीच नव्हता. मला हायपोस्पेडियस होता. म्हणजे लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या अंगाला. अडीचशे-तीनशे मुलग्यांमागे साधारण एक असा जन्मतो. हल्ली शक्यतो सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन उरकतात, पोराला पुढं काही आठवत नाही. माझं पहिलं १९८६ साली झालं, पाचव्या वर्षी. मला पलंगाच्या दांडीला टांगलेली पिशवी आठवते. नळी ओढू नये म्हणून आई रात्रभर माझे हात धरून बसायची, तेही आठवतं. टाक्यांच्या रेषेत बारीक भोक राहिलं आणि धार दोन ठिकाणांहून यायला लागली. सातव्या वर्षी परत मिरज. घरून ताकीद एकच : कुणी विचारलं तर हर्निया म्हणायचं.

म्हटलं. शाळेची मुतारी म्हणजे डांबर फासलेली एक लांब भिंत, आडोसा नाही. मधल्या सुट्टीत मी तिकडं फिरकलोच नाही. तास चालू असताना बोट वर करायचो आणि सर म्हणायचे, आत्ताच सुट्टी झाली ना रे? मग पाणी पिणंच कमी केलं. पुढं इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एकानं विचारलं, "तुझी सुंता झालीय का?" ऑपरेशनमध्ये पुढची कातडी वापरली जाते, हे मलाच तेव्हा माहीत नव्हतं. काय उत्तर देणार?

तीन स्थळं मी पत्रिकेचं निमित्त काढून मोडली. चौथ्या मुलीला सांगलीच्या एका हॉटेलात, चहा पार गार होईपर्यंत चाचरत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं कर्जबिर्ज आहे." तिच्याशीच लग्न झालं. मुलगी आता नववीत आहे.

नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात माझ्यासारख्यांचा अभ्यास झाला होता. एकूण मानसिक-सामाजिक आयुष्यात मोठा फरक सापडला नाही. मात्र आपल्या अवयवाबद्दल नाराजी जास्त आणि जवळीक साधताना बुजरेपणा जास्त. दोष मुळात किती मोठा होता, यावर ती नाराजी फारशी अवलंबून नव्हती. पण मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुलना कुणाशी केली होती? लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालेल्यांशी! म्हणजे मी दोन्ही गटांत बसलो असतो.

गेल्या महिन्यात आतेभावाचा फोन आला. मुलगा झाला होता, पण आवाज दबका, बहुधा दवाखान्याच्या जिन्यात उभा होता. डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं होतं. मी त्याला माझं सगळं सांगितलं. १९९५ साली जर्मनीत ५०० पुरुष तपासले तेव्हा जेमतेम ५५ टक्क्यांचंच छिद्र अगदी टोकाशी होतं, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "दादा, पण आईला मी हर्निया सांगितलंय."

म्हटलं, "आत्याकडं दे फोन."